दुसऱ्या मालकाचा इतिहास: महागडी इलेक्ट्रिक गाडी जुनी झाल्यावर तिचं काय होतं?

इलेक्ट्रिक मोटारीच्या इतिहासावर काहीही वाचायला घ्या, एक प्रश्न हमखास भेटतो: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाडी पेट्रोलच्या गाडीपुढे का हरली? उत्तरंही ठरलेली आहेत. १९०० च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला ४,१९२ मोटारी बनल्या. त्यात वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. मग फोर्डची मॉडेल टी आली. १९१२ मध्ये कॅडिलॅकने सेल्फ-स्टार्टर बसवला आणि पुढे उभं राहून हँडल मारायची कटकट संपली. त्याच साली पेट्रोलची गाडी साधारण ६५० डॉलरला मिळत होती आणि विजेची रोडस्टर १,७५० डॉलरला. खेळ खलास.

या कथेत खोटं काही नाही. पण नीट पाहिलं तर ती सगळी शोरूममध्ये घडते. नवी गाडी, पहिलं गिऱ्हाईक, छापील किंमत. गाडीचं खरं आयुष्य मात्र शोरूमबाहेर जातं. पहिला मालक ती चार-पाच वर्षांनी विकतो, दुसरा घेतो, कधी तिसरा. या दुसऱ्या मालकाचं काय? एकेकाळची महागडी इलेक्ट्रिक गाडी जुनी घ्यायची आणि मग वर्षानुवर्षं तीच चालवायची, असं ठरवणाऱ्या माणसाच्या हाती नेमकं काय लागत होतं?

आजची पोस्ट या माणसाबद्दल आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जुनी इलेक्ट्रिक गाडी दीर्घकाळ सांभाळता येते की नाही, हे केवळ बॅटरीच्या रसायनावर ठरलेलं नाही. बॅटरी म्हातारी होण्याचा धोका कोणाच्या अंगावर आहे आणि तिचं वय मोजायचं हत्यार कोणाच्या हातात आहे, या दोन गोष्टींवर ते जास्त ठरत आलं आहे. त्याच्या जोडीने, जुन्या विषयातून नवा संशोधन-प्रश्न कसा काढायचा हेही यात दिसेल. तुमच्यापैकी अनेकांना सध्या प्रपोजल लिहायचं आहे, म्हणून.

चौकट: अकरलॉफचं ‘लिंबू’

जुन्या गाडीबद्दल लिहायचं तर जॉर्ज अकरलॉफ यांना वळसा घालता येत नाही. १९७० साली त्यांचा ‘लेमन’च्या बाजाराबद्दलचा पेपर आला. अमेरिकी बोलीत खराब निघालेल्या गाडीला लेमन म्हणतात. मुद्दा साधा आहे. गाडी चांगली आहे की बिघडलेली, हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून बाहेर पडतो आणि मागे खराब गाड्याच उरतात. हा पेपर आधी तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये अकरलॉफ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रिजेक्शनचा मेल आला की हे आठवायला हरकत नाही.

पेट्रोलच्या गाडीपुरते या अडचणीवर आपण उपाय शोधले आहेत. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यायचा. इंजिनाचा आवाज ऐकायचा, सायलेन्सरचा धूर बघायचा, ऑइलची पट्टी बाहेर काढून बघायची. जाहिरातीत ‘डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर’ असं लिहितात तेही याच अडचणीवरचं उत्तर आहे. बॅटरीपुढे मात्र कान, नाक, डोळे तिन्ही निकामी. नवी बॅटरी आणि निम्मी संपलेली बॅटरी बाहेरून सारखीच दिसते.

म्हणजे प्रश्न असा झाला: बॅटरीच्या बाबतीत वेगवेगळ्या काळांनी ‘लिंबू’ ओळखायचे कोणते मार्ग काढले? सिद्धान्ताचा असा उपयोग करा. अकरलॉफ उत्तर देत नाही. तो पुराव्याला काय विचारायचं ते सांगतो.

डेट्रॉइट: काचेची नळी आणि शिशाच्या प्लेट

अँडरसन कॅरेज कंपनी ही मुळात घोडागाड्या बनवणारी. १९०७ पासून तिने ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ बनवायला सुरुवात केली आणि १९३९ पर्यंत अशा सुमारे १३,००० गाड्या बनवल्या. वेग ताशी २० मैलांच्या आसपास. एका चार्जमध्ये ८० मैल जाते अशी जाहिरात. एका चाचणीत तर ती २११ मैल गेली. शहरातल्या श्रीमंत घरांची ही गाडी. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लॅरा फोर्ड डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. नवरा मॉडेल टी विकतोय आणि बायको विजेची गाडी चालवतेय, हा किस्सा सगळे सांगतात. त्यांची १९१४ ची गाडी आजही म्युझियममध्ये आहे.

किस्सा बाजूला ठेवून बॅटरीकडे बघू. ती होती लेड-ॲसिड, आपल्या घरच्या इन्व्हर्टरच्या जातीची. ती म्हातारी होते कशी? चार्ज-डिस्चार्ज होता होता धन प्लेटवरचा पदार्थ हळूहळू झडतो. त्याचा गाळ तळाशी साचतो आणि प्लेटच्या टोकापर्यंत आला की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. वरचं पाणी उडतं, ते पुन्हा भरावं लागतं. आता दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, हे सगळं उघडता येत होतं. सेल खोलायचा, गाळ धुऊन काढायचा, प्लेट बदलायच्या, डबा तोच ठेवायचा. शिशाचं काम जाणणारा गावातला कारागीर हे करू शकत होता, कारखान्याची परवानगी लागत नव्हती. मोठ्या शहरांत तर इलेक्ट्रिक गॅरेजं होती. रात्री गाडी ठेवायची, ती लोकं चार्ज करणार, पाणी बघणार, धुऊन पुसून सकाळी दारात आणून देणार.

दुसरी, बॅटरीची तब्येत बऱ्यापैकी मोजता येत होती. लेड-ॲसिडमध्ये चार्ज कमी झाला की ॲसिड पातळ होतं. बॅटरीवाल्याकडची रबरी फुग्याची काचेची नळी तुम्ही पाहिली असेल. तोच हायड्रोमीटर. पूर्ण चार्ज करूनही एखाद्या सेलची घनता इतरांपेक्षा कमी आली, तर तो सेल आजारी. हे हत्यार घेणाऱ्याच्या हातात होतं, विकणाऱ्याच्या मेहेरबानीवर नव्हतं.

इथे एक गंमत आहे. १९११ पासून डेट्रॉइट इलेक्ट्रिकमध्ये ६०० डॉलर जादा देऊन एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी मिळू लागली. ६०० डॉलर म्हणजे जवळपास एका अख्ख्या पेट्रोल गाडीची किंमत. एडिसन यांची पहिली आवृत्ती १९०३-०४ च्या सुमारास आली होती. तिचे सेल गळत असल्यामुळे ती परत घ्यावी लागली आणि सुधारलेली बॅटरी यायला पुढची काही वर्षं गेली. ही बॅटरी दणकट होती. जास्त चार्ज करा, पूर्ण रिकामी करा, ती सहन करायची. पण तिच्यातला पोटॅशचा द्राव चार्जप्रमाणे घट्ट-पातळ होत नाही. हायड्रोमीटर घातला तरी तो फारसं काही सांगत नाही. खरी क्षमता कळायला बॅटरी पूर्ण चार्ज करून, मोजून रिकामी करावी लागते. म्हणजे जी बॅटरी जास्त टिकाऊ, तीच जास्त मुकी. दुसऱ्या मालकाच्या नजरेने पाहिलं नाही तर ही अडचण लक्षातच येत नाही, कारण नव्या गिऱ्हाइकाला ती नव्हतीच.

हार्टफर्ड: बॅटरी विकूच नका

धोक्यावरचा दुसरा उपाय एका वीज कंपनीने काढला. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१० ते १९२४ या काळात अदलाबदलीच्या बॅटरीची सेवा चालवली. मालकाने ट्रक बॅटरीशिवाय घ्यायचा. बॅटरी कंपनीची. मालक दर मैलामागे ठरावीक पैसे आणि वर महिन्याचं शुल्क भरणार. या सेवेवर एकूण ६० लाखांहून जास्त मैल वाहतूक झाली. १९१७ पासून शिकागोमध्ये मिलबर्न कंपनीच्या खासगी मोटारींसाठीही अशीच सोय होती.

याचा अर्थ काय? शेकडो बॅटऱ्या एकाच्या मालकीच्या असतील तर एखादी लवकर मेली तरी तो तोटा सगळ्यांत वाटला जातो. एकट्या मालकाला तो अंगावर घ्यावा लागत नाही. गाडी उरते ती मोटर, चाकं आणि सांगाडा, आणि या गोष्टी निवांत म्हाताऱ्या होतात. डेव्हिड किर्श आणि खाइस मोम या इतिहासकारांनी ‘तंत्रज्ञान कमी पडलं’ हे सोपं उत्तर नाकारलं आणि अशा सेवाव्यवस्था चर्चेच्या मध्यभागी आणल्या. दुसऱ्या मालकाचा प्रश्न त्यांच्याच कामाच्या पुढे एक पाऊल टाकतो.

एक सावधगिरी. १९२९ च्या मंदीनंतर डेट्रॉइट इलेक्ट्रिकचं दिवाळं निघालं, कंपनी हात बदलून छोट्या प्रमाणावर, ऑर्डरप्रमाणे गाड्या बनवत राहिली आणि १९३९ मध्ये थांबली. तरी त्या काळच्या काही गाड्या आजही चालतात. अमेरिकी टीव्ही कलाकार जे लेनो यांच्याकडे १९०९ ची बेकर इलेक्ट्रिक आहे. यावरून ‘जुन्या गाड्या किती टिकाऊ होत्या’ असं लिहायचा मोह होईल. आवरा. म्युझियममध्ये आणि शौकिनांकडे पोचतात त्या टिकलेल्याच गाड्या, भंगारात गेलेल्या आपल्याला दिसत नाहीत. या गाड्यांवरून इतकंच म्हणता येतं की कंपनी गेल्यावरही त्या चालू ठेवणं शक्य होतं. सरासरी आयुष्य यातून कळत नाही.

कॅलिफोर्निया: दुसरा मालकच नको

आता थेट १९९० च्या दशकात. कॅलिफोर्नियाने मोटार कंपन्यांवर धूरमुक्त गाड्यांची सक्ती आणली. जनरल मोटर्सने १९९६ ते १९९९ या काळात १,११७ ‘ईव्ही-१’ बनवल्या. विकली एकही नाही, सगळ्या लीजवर. मुदत संपल्यावर गाड्या परत घेतल्या, बहुतेक चिरडून टाकल्या आणि मोजक्या म्युझियमना दिल्या. काही मालकांनी, खरं तर भाडेकरूंनी, गाडी विकत मागितली. मिळाली नाही.

याच काळात टोयोटाने आरएव्ही-४ ची इलेक्ट्रिक आवृत्ती काढली. बहुतेक गाड्या लीजवरच गेल्या, पण ३२८ गाड्या लोकांना खरोखर विकल्या गेल्या. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या ताफ्यात चाचणीसाठी निवडलेल्या पाच गाड्यांनी प्रत्येकी १ लाख मैलांचा टप्पा ओलांडला.

दोन्ही गाड्या एकाच राज्यात, एकाच दशकात, एकाच नियमाखाली. फरक करारातला. ईव्ही-१ दीर्घकाळ टिकली असती का, याचं उत्तर आपण कधीच देऊ शकणार नाही, कारण टिकण्याचा प्रयोगच होऊ दिला नाही. लीजमध्ये कंपनीने बॅटरीचा धोका स्वतःकडे ठेवला, तसाच गाडीचा शेवट ठरवायचा अधिकारही. हार्टफर्डमध्ये सांगाडा मालकाचा होता, इथे काहीच नव्हतं. दोन्हीला सरसकट ‘बॅटरी भाड्याने’ म्हटलं तर हा फरक पुसला जातो. वर्गीकरण करताना हे ध्यानात ठेवा.

मॉडेल एस: वॉरंटी हेच दप्तर

जून २०१२ मध्ये टेस्लाची मॉडेल एस आली. ही महागडी गाडी मोठ्या संख्येने विकली गेली, म्हणजे दुसरा मालक परत आला. पण आता हत्यार कोणाकडे होतं? गाडीत हजारो लिथियम-आयन सेल, बंद पॅकमध्ये. काचेची नळी घालायला जागाच नाही. किती रेंज उरली आहे हा आकडा पडद्यावर दिसतो आणि तो कंपनीचंच सॉफ्टवेअर काढतं.

अशा वेळी इतिहासकाराने काय वाचायचं? वॉरंटीचा कागद. मी तो पुराभिलेखातल्या दप्तरासारखा वाचतो. ८५ किलोवॉट-तास बॅटरीच्या गाडीला सुरुवातीला ८ वर्षं, मैलांची मर्यादा नाही, अशी बॅटरीची हमी होती. २०१३ मध्ये कंपनीने तीन वर्षांनी ठरलेल्या भावात गाडी परत घ्यायची हमी दिली. हमी कशाला? लोकांना जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा भाव काय येईल याची भीती होती म्हणून. २०१४ मध्ये मोटरलाही ८ वर्षं अमर्याद मैलांची हमी मिळाली. २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेत ती भावाची हमी बंद झाली. २०२० पासून नव्या मॉडेल एसला ८ वर्षं किंवा दीड लाख मैल अशी मर्यादा आली, पण सोबत ७० टक्के क्षमता टिकेल हे पहिल्यांदा लिहून दिलं. आधीच्या हमीत बॅटरी बंद पडणं धरलेलं होतं, हळूहळू क्षीण होणं नव्हतं. ‘अमर्याद’ हा शब्द जाऊन ‘७० टक्के’ आला, हे एका अर्थी पाऊल मागे आणि एका अर्थी पुढे. दीर्घकाळ वापरणाऱ्याला मोजता येणारा शब्द जास्त कामाचा.

त्याच काळात तीन घटना घडल्या, आणि तिन्हींत म्हातारपणाची वेगळी व्याख्या आहे.

एक: जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये मधल्या पडद्यामागे ८ जीबीची मेमरी चिप होती. पुन्हापुन्हा लिहून-पुसून ती पाच-सहा वर्षांत झिजायची आणि पडदा बंद पडायचा. अमेरिकी सुरक्षा यंत्रणेने दबाव आणल्यावर २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. बॅटरी ठणठणीत, गाडी मात्र मेमरी चिपने म्हातारी.

दोन: २०१९ मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर काही जुन्या गाड्यांची बॅटरी पूर्वीइतकी भरेना. प्रकरण कोर्टात गेलं. २०२१ मध्ये अमेरिकेत १५ लाख डॉलरचा समझोता झाला. त्यात १,७४३ गाड्या होत्या आणि बहुतेक मालकांच्या वाट्याला ६२५ डॉलर आले. बॅटरीचं वय एका रात्रीत, दुरून बदलता येतं, हे यातून दिसलं.

तीन: २०२० मध्ये एका डीलरकडून घेतलेल्या जुन्या मॉडेल एसमधली ऑटोपायलटची महागडी सोय कंपनीने दुरूनच काढून घेतली. बोभाटा झाल्यावर ती परत दिली. १९१४ साली गाडी विकली की दिवे, गाद्या, चाकं सगळं नव्या मालकाचं. आता ‘गाडीसोबत काय काय आलं’ हाच वादाचा विषय.

आणि कंपनीच बुडाली तर? जून २०२४ मध्ये फिस्कर कंपनीने दिवाळं जाहीर केलं. तिच्या ‘ओशन’ गाडीच्या मालकांनी सुटे भाग आणि सॉफ्टवेअर मिळत राहावं म्हणून स्वतःची संघटना काढली. डेट्रॉइट इलेक्ट्रिक बंद झाली तेव्हा तिच्या मालकाला शिशाच्या प्लेट पुरे होत्या. ओशनच्या मालकाला सर्व्हरही लागतो.

मग जुनी घ्यायची की नाही?

इतिहास गाडीचा सल्लागार नाही, पण त्यातून चार प्रश्न मिळतात. बॅटरीचा धोका कोणत्या तारखेपर्यंत कोणाच्या अंगावर आहे? तिची क्षमता विकणाऱ्याशिवाय दुसरं कोणी मोजून देऊ शकतं का? बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो, की पॅकच्या पॅक बदलावा लागतो? कंपनी उद्या नसली तर गाडी चालेल का? चारही उत्तरं समाधानकारक असतील तर दहा वर्षं जुनी गाडीही चांगला सौदा ठरेल. एकही नसेल तर तीन वर्षांची गाडीसुद्धा ‘लिंबू’.

यातल्या दुसऱ्या प्रश्नावर कायदा हलू लागला आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट असावा लागेल. मला त्यात जुन्या हायड्रोमीटरचा वारस दिसतो: मोजमाप पुन्हा घेणाऱ्याच्या हातात देण्याचा प्रयत्न.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ता दार ठोठावतोय. टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम जुलै २०२५ मध्ये मुंबईत, बीकेसीत उघडलं. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव महाराष्ट्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात मांडला आणि मागे घेतला. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, जीएसटी परिषदेने नोंदणीकृत डीलरने विकलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीच्या मार्जिनवर १८ टक्के कर ठरवला होता. नव्या इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्केच. धोरणाची नजरही अजून शोरूमवरच आहे, हे या दोन आकड्यांत दिसतं.

म्हणजे मराठी मुलखातल्या दुसऱ्या मालकाचा इतिहास आता कुठे घडायला लागला आहे, आणि त्याची साधनं फार नाजूक आहेत. गाडी विकली की विक्रीची ऑनलाइन जाहिरात गायब होते. वॉरंटीच्या अटींची जुनी आवृत्ती काढून नवी टाकली जाते. ॲपमधली बॅटरीची नोंद मालक बदलला की पुसली जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती आज ग्रंथालयात वाचता येतात. गेल्या महिन्यातली पुण्यातल्या एका जुन्या इलेक्ट्रिक गाडीची जाहिरात कदाचित आत्ताच मिळणार नाही.

तुम्ही या किंवा अशा विषयावर काम करायचं म्हणत असाल तर प्रपोजल मंजूर व्हायची वाट बघू नका. आजपासून एक फोल्डर करा. जाहिराती, वॉरंटीचे कागद, सर्व्हिसची बिलं तारखेसकट जपा. लोकांची नावं, फोन आणि गाडीचे नंबर झाकून, आणि बिलं त्यांना विचारूनच. मुलाखती घेताना ‘गाडी का घेतली’ हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ‘घेताना बॅटरी कशी तपासली आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला?’ प्रबंधाचं निदान एक प्रकरण त्या उत्तरांत आहे.